डायरीवरची सही आणि खाटेजवळची पाच मिनिटं

मेडिकल कॉलेजची तपासणी जवळ आली की मेंटॉर डायऱ्यांचे गठ्ठे बाहेर निघतात, म्हणजे प्रत्येक मुलाला नेमून दिलेल्या मार्गदर्शक शिक्षकाच्या, मेंटॉरच्या, भेटींच्या नोंदवह्या. बारा महिन्यांच्या बारा बैठका आणि बारा सह्या, सगळ्या एकाच पेनाच्या. शेऱ्याच्या रकान्यात 'प्रगती समाधानकारक'. २०१९ मध्ये एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम आला, केलेल्या कामाची नोंद ठेवणारं लॉगबुक आलं, कुठलं कौशल्य नुसतं माहीत हवं आणि कुठलं स्वतःच्या हाताने करता यायला हवं याच्या याद्या आल्या. कागद चांगला आहे. अडतं ते कागद आणि पेशंटची खाट यांच्या मधल्या जागेत.

बैठकांचं आधी उरकून घेऊ. रोल नंबरने दहा-दहा मुलं वाटून दिली की मेंटॉरशिप झाली, असं होत नाही. पहिली भेट पहिल्या पंधरवड्यात एकेकट्याशी हवी, अर्धा तास तरी, आणि स्टाफरूममध्ये नको, कारण तिथे शेजारच्या टेबलावरचे कान उघडे असतात. पुढे महिन्याला वीस मिनिटं पुरतात. शक्यतो मेंटॉर त्या वर्षी त्या मुलाला मार्क देणारा नसावा. इंटर्नल परीक्षेचे मार्क ज्याच्या हातात, त्याच्यापुढे 'मला जमत नाहीये' हे वाक्य सहसा निघत नाही. आणि पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायचं: इथलं बोलणं इथेच राहील, पण जिवाला धोका, रॅगिंग किंवा पेशंटची सुरक्षितता यातलं काही असेल तर मला पुढे सांगावंच लागेल. हे नंतर सांगितलं तर विश्वासघात वाटतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही त्याच दिवशी लिहून द्यावा, अडचण यायची वाट न बघता.

जत, आटपाडी, माण, खटावकडून मराठी माध्यमातून आलेली मुलं पहिल्या वर्षी इंग्रजीला बिचकतात. तिसऱ्या वर्षी वॉर्डात चित्र उलटं होतं. 'अंगात कसर हाय' (बारीक ताप), 'भोवंड येतीय' (चक्कर), 'जीव घाबरा होतोय' हे त्यांना एका झटक्यात कळतं आणि शहरातली हुशार मुलं केसपेपर धरून उभी राहतात. मिरजेत तर अथणी-चिकोडीकडचा कानडी पेशंटही रोजचाच. अशा दोघांची जोडी लावून द्यावी. याला खर्च काही नाही.

आता खाटेजवळची पाच मिनिटं. खरी मेंटॉरशिप इथे होते, आणि ती बिघडते तीही इथेच, कारण शिक्षक फार लवकर उत्तर देतो. इंटर्न, म्हणजे शेवटच्या परीक्षेनंतर वर्षभर हॉस्पिटलात काम करणारा मुलगा, केस सांगायला लागला की तिसऱ्या वाक्याला सर निदान सांगून मोकळे. मुलाच्या डोक्यात काय चाललं होतं ते कुणालाच कळत नाही.

१९९२ मध्ये अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी यासाठी पाच पायऱ्यांची एक रीत मांडली, 'वन मिनिट प्रिसेप्टर' या नावाने. आपल्या हंगामातली केस घेऊन बघू. ऊसतोडीच्या टोळीतला तिशीचा माणूस पहाटे कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, आलाय. पोट दुखतंय, दोन उलट्या झाल्यात.

'सर, गॅस्ट्रायटिस वाटतंय.'

पहिली पायरी झाली, मुलाने स्वतःचं मत दिलं. चूक असो, बरोबर असो, मत आधी काढून घ्यायचं. दुसरी पायरी: 'कशावरून?' आणि इथे गप्प राहायचं. मनात दहापर्यंत मोजायचं. तीन सेकंदांची शांतता शिक्षकालाच सोसत नाही, तो बोलून टाकतो आणि पायरी वाया जाते.

'काल रात्री उशिरा जेवलाय, उलट्या आहेत, पोट मऊ आहे.'

'झोपला कुठे होता?'

'कोपीत, उसाच्या पाचटाच्या झोपडीत. खाली जमिनीवर.'

तिसरी पायरी नियमाची, आणि नियम एकच द्यायचा: जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला, तर मण्यार हा विषारी साप चावल्याची शक्यता डोक्यातून काढायची नाही. मण्यारीचे दात बारीक असतात, खूण बऱ्याचदा दिसतच नाही, सूजही येत नाही. मग चौथी, काय बरोबर केलं ते नेमकं सांगायचं: 'नाडी, बीपी, ऑक्सिजन आधी घेतलंस, हे चांगलं.' पाचवी, काय राहिलं ते: 'त्याला वर बघायला लावून पापण्या खाली येतायत का हे बघायला हवं होतं. एका श्वासात किती आकडे मोजता येतात, तेही.' 'तुझी हिस्टरी कच्ची आहे' या वाक्यातून काहीच शिकायला मिळत नाही. पुढच्या पेशंटला नेमकं काय वेगळं करायचं, ते सांगितलं तरच उपयोग. आणि हे पेशंटच्या नातेवाइकांसमोर नव्हे, दोन खाटा पलीकडे जाऊन.

एक सावधगिरी. पेशंटचा श्वास अडखळत असेल तर या पायऱ्या-बियऱ्या बाजूला ठेवायच्या. आधी श्वासाचं बघायचं. पाच मिनिटं नंतर काढायची, पण त्याच ड्युटीत. आठवड्याने दिलेला सल्ला मुलाला कुठल्या पेशंटबद्दल आहे हेही आठवत नाही.

हाताचं कौशल्य शिकवताना रीत वेगळी लागते. चार पायऱ्या: शिक्षक न बोलता नेहमीच्या वेगाने करून दाखवतो, मग सावकाश, प्रत्येक कृतीचं कारण सांगत करतो, मग मूल सांगतं आणि शिक्षक तसं करतो, शेवटी मूल बोलत बोलत स्वतः करतं. तिसरी पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. वेळ नाही हे कारण. पण चुका बाहेर पडतात त्या तिथेच, पेशंटपर्यंत पोचायच्या आधी.

सर्पदंशातली वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी घ्या. दिसायला पोरखेळ: शिरेतलं २ मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग एकदाच तिरपं करायचं. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर गोठण बिघडली आहे, म्हणजे आपल्याकडे बहुधा घोणस हा साप चावलाय. आता मुलाला सांगायला लावा आणि ऐका. एक म्हणतो, 'प्लास्टिकची ट्यूब घेऊ.' चूक, गोठण्याची क्रिया सुरू होते ती काचेच्या स्पर्शाने, प्लास्टिकमध्ये चांगलं रक्तही पातळ राहू शकतं. दुसरा म्हणतो, 'पाच-पाच मिनिटांनी हलवून बघू.' चूक, हललेली ट्यूब भरवशाची नाही. तिसरा वेळ लिहायलाच विसरतो, आणि वीस मिनिटं म्हणजे नक्की किती हे कुणाला सांगता येत नाही. सगळ्यात महाग चूक शेवटी निघते: 'गोठलं, म्हणजे विषारी साप नाही.' नाग आणि मण्यार यांचं विष नसांवर जातं. तिथे रक्त छान गोठेल आणि पेशंटचा श्वास थांबेल. वरच्या ऊसतोड्याची ट्यूब गोठलेलीच निघाली असती.

लॉगबुकात सही करायची ती या चौथ्या पायरीनंतर. 'पाहिलं', 'मदत केली', 'स्वतः केलं' हे तीन शब्द वेगळे आहेत आणि सहीच्या बाजूला त्यातला एक लिहिलेला असावा. इंटर्नशिप बारा महिन्यांची, पोस्टिंग बदलत राहतात; पुढच्या युनिटच्या रेसिडेंटला (निवासी डॉक्टरला) हाच शब्द कामाला येतो.

रात्रीचं मेंटॉरपण प्रत्यक्षात सिनिअर रेसिडेंटच करतात, त्यांचं नाव कुठल्याही डायरीत नसतं. त्यांच्याशी एक गोष्ट आधीच ठरवून घ्यावी: इंटर्नने कुठल्या चार-पाच वेळी न विचारता फोन करायचाच. पापण्या खाली येणं, लघवी कमी होणं, बीपी ९० च्या खाली जाणं, अँटिस्नेक व्हेनम (सापाच्या विषावरचं औषध) सुरू असताना अंगावर पित्त उठणं किंवा कापरं भरणं. ही यादी कॅज्युअल्टीच्या भिंतीवर चिकटवली की 'याच्यासाठी झोपमोड केलीस?' हा प्रश्न आपोआप बाद होतो.

आणि त्या काचेच्या ट्यूबा. डॉक्टरांना कितीही पढवा, धुवायला वॉर्डातले मदतनीस, मामा किंवा मावशी, असतात. साबणाच्या पाण्यात धुतलेल्या ट्यूबमध्ये रक्त गोठत नाही आणि नसलेली घोणस दिसायला लागते. विनाकारण त्या औषधाच्या दहा व्हायल्स (कुप्या) चढतात, त्यांची रिॲक्शन येते ती वेगळीच. म्हणून नव्या ट्यूबांचा एक डबा चिठ्ठी लावून वेगळा ठेवावा, आणि शिकवायच्या दिवशी मामांनाही दोन मिनिटं जवळ बोलवावं.