चाकावर न फिरलेली माती

चिनी भांडी म्हटलं की आपल्याला पांढरीशुभ्र, निळ्या वेलबुट्टीची आठवतात. यीशिंगची चहादाणी त्या घराण्यातली नव्हेच. च्यांग्सू प्रांतातल्या ताय सरोवराच्या पश्चिमेला यीशिंग आहे. तिथल्या डोंगरातली ही माती जांभळट, तांबूस, कधी पिवळसर. तिच्यावर काचेची झिलई चढवत नाहीत. आकार एवढासा, की पुष्कळ चहादाण्यांत दीडशे मिलिलिटर पाणीही जेमतेम मावतं. आलं ठेचून, दूध घालून पातेलंभर चहा उकळणाऱ्या आपल्या घरात तिला काम मिळणं कठीणच.

मला तिचं खरं कौतुक आहे ते घडणीसाठी. कुंभार म्हणजे चाक, ही आपली पक्की समजूत. इथे अस्सल हातघडणीची गोल चहादाणीसुद्धा चाकावर ओढून काढत नाहीत. माती लाकडी मोगरीने ठोकून पातळ करायची, तिची पट्टी कापायची, वळवून कडा जोडायच्या आणि आतून बोटांचा आधार देत, बाहेरून फळीने थापटत त्या नळकांड्याला पोट आणायचं. तोटी, मूठ, झाकण सगळं वेगळं करून जोडायचं. आणि एवढ्या ठोकाठोकीनंतर झाकण असं बसतं, की त्यावरच्या छिद्रावर बोट ठेवलं तर तोटीची धार थांबते!

या भांड्याची गरज पडली तीही राजाज्ञेमुळे. 1391 मध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने नजराण्यात दाबलेल्या चहाच्या वड्या घेणं बंद केलं. सुट्या पत्तीचे दिवस आले आणि ती मुरवायला चहादाणी हवी झाली. पुढे छन हुंगशौ (1768–1822) नावाच्या अधिकाऱ्याने नवे आकार आखले, यांग फंगन्येनने ते घडवले आणि त्यांच्या पोटावर ओळी कोरल्या गेल्या. सरकारी माणसाने फावला वेळ याहून बरा कुठे घालवला असेल, मला तरी ठाऊक नाही.

झिलई नसल्यामुळे माती चहाचा वास धरते. म्हणून शौकीन लोक एका चहादाणीत एकाच जातीचा चहा करतात आणि तिला साबण लावत नाहीत. बिडाच्या तव्यासारखी ती वापरानेच तयार होते, हळूहळू तुकतुकीत दिसू लागते. जुन्या चहादाणीत नुसतं गरम पाणी ओतलं तरी चहा मिळतो म्हणतात. ही मला थाप वाटते, पण ऐकायला आवडते.

गू चिंगचौ (1915–1996) यांच्या हातची चहादाणी लिलावात कोट्यवधी रुपयांना जाते. एवढे पैसे मोजल्यावर तिच्यात उकळतं पाणी ओतायची छाती कोणाची होणार? आणि बाजारात रंग मिसळलेल्या मातीचा, साच्यातला मालही भरपूर. आपण साधी, तांबडी, बसक्या अंगाची घ्यावी. झाकण काढून ती टेबलावर उपडी ठेवायची. तोंड, तोटीचं टोक आणि मूठ एकाच पातळीत टेकली, की दुकानदाराशी घासाघीस सुरू करायला हरकत नाही.