आमची वाटचाल : प्लेटा, जॅक आणि भावांच्या वाटण्या

बेळगावजवळ, पिरनवाडीच्या पुढे खानापूर रोडला आमचं यार्ड आहे. काँक्रीट ओतताना खाली लावायच्या लोखंडी प्लेटा, त्यांना टेकू देणारे जॅक, आडवे आधार म्हणजे स्पॅन, कॉलमचे बॉक्स, मिक्सर, व्हायब्रेटर, स्लॅबला लागणारं सगळं साहित्य आम्ही भाड्याने देतो. 1998 साली वडिलांनी धंदा सुरू केला तेव्हा यातलं काहीच नव्हतं. आंब्याच्या फळ्या, निलगिरीच्या बल्ल्या आणि एक हातगाडी, एवढंच भांडवल. वडील स्वतः सेंट्रिंग मिस्त्री, म्हणजे स्लॅबचा साचा आणि टेकू लावणारे. त्या काळातल्या घरात वर बघितलं तर स्लॅबच्या पोटाला अजून फळ्यांच्या रेघा आणि लाकडाच्या गाठींचे ठसे दिसतात. ठसे बघून वडील सांगायचे, हे काम कुणाच्या हातचं.

त्याच वर्षी विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ बेळगावला आलं आणि पुढे मच्छेच्या शिवारात त्याच्या इमारती उभ्या राहिल्या. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप आधीपासून होतेच. या दोन्हींच्या मधली गावं, मजगाव, पिरनवाडी, मच्छे, हा आमचा पहिला इलाका. कामगाराला भाड्याची खोली हवी, कॉलेजच्या पोरांना तर हवीच. शेतकऱ्याने गोठा पाडून चार खोल्या काढल्या की आमची हातगाडी तिकडे. पण फळी काही स्लॅबांतच कामातून जाते, कडा खातात, मधे पोक येतो. म्हणून वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून लोखंडी प्लेटा करायला टाकल्या. उद्यमबाग हाकेच्या अंतरावर, त्यामुळे वाकलेली प्लेट सकाळी दिली की संध्याकाळी सरळ होऊन यायची. दुसऱ्या एखाद्या तालुक्यात हा धंदा आम्हाला इतका सहज जमला नसता.

तीन बाय दोनची प्लेट म्हणजे सहा स्क्वेअर फूट. हजार फुटांच्या स्लॅबला साधारण 170 प्लेटा लागतात. या हिशोबाने कुठल्या बाजूला किती घरं होतायत ते आमच्या वहीत कळतं, आणि ते महापालिकेच्या आधी कळतं असं मी गमतीने म्हणतो. आधी टेम्पो टिळकवाडी, अनगोळ, वडगावकडे जायचा. मग हिंडलगा, सुळगा, कंग्राळी. आता काकती, होनगा, सांबरा, आणि इकडे पार खानापूरपर्यंत.

हे सगळं लोकसंख्या वाढल्यामुळे, असं येणारा प्रत्येक जण म्हणतो. मला ते अर्धंच पटतं. 2001 साली बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 42 लाख 14 हजार होती, 2011 साली 47 लाख 80 हजार झाली. दहा वर्षांत साधारण 13.4 टक्के. त्याच काळात कर्नाटकाची वाढ 15.6 टक्के आणि बेंगळुरू शहर जिल्ह्याची 47 टक्के. म्हणजे लोकसंख्येत बेंगळुरूच्या खालोखाल आपला जिल्हा, पण वाढीच्या वेगात राज्याच्याही मागे. शहराचा वेग जरा जास्त, पालिका हद्दीत चार लाखांवरून 4 लाख 88 हजार. कॅन्टोन्मेंट आणि हद्दीला चिकटलेली गावं धरली तर 6 लाख 10 हजार. त्यानंतर 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे हातात आहेत ते हेच आकडे. शहरातली माणसं दहा वर्षांत साधारण पाचवा हिस्सा वाढली. आमच्या प्लेटा त्याच दहा वर्षांत चौपट झाल्या आणि तरीही दिवाळी ते मे सगळा माल कामावर जाऊन यार्ड रिकामं असायचं.

माणसं वाढली त्याहून चुली जास्त वाढल्या. याचा हिशोब कोणी मांडत नाही, पण आमचं पोट त्याच्यावर चालतं.

येळ्ळूरच्या एका गिऱ्हाइकाचं सांगतो. आजोबांच्या वेळचं मातीच्या भिंतींचं घर, वर खानापूरची कौलं, जागा बरोबर एक गुंठा. 33 बाय 33. आजोबा गेले, मग वडील गेले, दोन भावांची वाटणी झाली. प्रत्येकाला साडेसोळा फूट रुंदीची पट्टी. थोरल्याने आधी बांधलं. धाकट्याने दोन वर्षांनी. मधली भिंत सामाईक धरा, दोघांचंही सिमेंट वाचेल, असं इंजिनिअरने सांगितलं, मीही सांगितलं. ऐकतंय कोण! दोघांनी आपापली भिंत घेतली आणि मधे चार बोटांची फट ठेवली. धाकट्याच्या स्लॅबच्या कडेला आम्ही प्लेटा उभ्या लावल्या होत्या, त्यातल्या दोन त्या फटीत अडकल्या. वरून दोर टाकून ओढल्या, खालून गजाने ढोसल्या, हलल्या नाहीत. त्यांची भरपाई कुणी द्यायची यावर भावाभावांत परत बोलाचाली. "अण्णा, प्लेटा तुमच्या, फट त्याची, मग मी कशाला भरूलालोय?" धाकट्याचं म्हणणं. मी दोन्ही प्लेटा खर्ची टाकल्या. पुढे दोघांनी वर एकेक मजला चढवला, दोन्ही कामं आमच्याकडेच आली, म्हणजे वसूल झालं म्हणायचं.

एका छपराचे दोन स्लॅब, दोनाचे चार. त्या घरात माणसं मात्र पूर्वी होती त्याहून कमीच. असे गुंठे प्रत्येक गल्लीत आहेत. त्यात भर म्हणजे नोकरीनिमित्त विजापूर, बागलकोटकडून आलेली कुटुंबं, सैन्यातून निवृत्त होऊन इथेच स्थिरावणारे, पुण्यात नोकरीला असलेली आणि गावात दोन मजली घर बांधून कुलूप लावून ठेवणारी आमचीच पोरं. कुलूपबंद घरालाही स्लॅब लागतो!

मग ऑगस्ट 2019 चा पूर. मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा, तिन्ही नद्यांचं पाणी जिल्हाभर शिरलं आणि मातीच्या भिंती भिजून बसल्या. शहराच्या आसपासही जुनी घरं पडली. पूर्ण पडलेल्या घराला सरकारने 5 लाखांची मदत जाहीर केली आणि पुढची दोन वर्षं कौलारू घरं जाऊन त्याच जागी स्लॅबची घरं उठली. या घरांत माणूस एकही वाढलेला नव्हता. आम्हाला काम मिळालं हे खरं, पण त्या काळात भाडं मागताना जीव कचरायचा. बऱ्याच लोकांना हप्ता येईल तसं द्या म्हणून सांगितलं. बहुतेकांनी दिलं.

त्या पुराने आणखी एक गोष्ट बदलली, ती म्हणजे जोत्याची उंची. शहापूर, वडगाव, येळ्ळूर, धामणे या पट्ट्यात बेळगावचा बासमती पिकायचा. भातशेती म्हणजे पाणी साठणारी जमीन, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पण ती जमीन गुंठ्यागुंठ्याने विकली गेली, बाँड पेपरवर व्यवहार झाले, एनए (बिगरशेती परवानगी) नाही, गटार नाही. बळ्ळारी नाला फुगला की तेच पाणी आपली जुनी जागा शोधत घराच्या पायरीशी येतं. आता त्या भागात लोक चार-चार फूट जोतं उचलतात, त्यामुळे कॉलमचे बॉक्स जास्त लागतात. धंद्याला बरं आहे. पण कोणी विचारलं तर मी सांगतो, प्लॉट मार्च-एप्रिलमध्ये बघू नका, आषाढात पाऊस लागल्यावर जाऊन बघा, आणि एकदा बघून भागत नाही. कागदाचं म्हणाल तर 2025 मध्ये राज्य सरकारने अनधिकृत मालमत्तांना बी-खाते, म्हणजे करासाठीची वेगळी नोंद, द्यायची मोहीम काढली. कर भरायची सोय झाली, गटार मात्र अजून यायचंय.

पाण्याचं गणितही आमच्या धंद्यात येतं. शहराला राकसकोप धरणाचं पाणी 1962 पासून आहे, नंतर हिडकल धरणाचं आलं. हद्दीबाहेरच्या वसाहतीत बोअर, नाहीतर टँकर. साध्या सिमेंटच्या स्लॅबला किमान 7 दिवस आणि आता सर्रास मिळतं त्या पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) 10 दिवस पाणी मारायला हवं. मे महिन्यात टँकरवाला येत नाही म्हणून लोक तिसऱ्या दिवशी हात आखडतात, आणि प्लेटांचं भाडं वाढतं म्हणून पाचव्या दिवशी सोडवायची घाई करतात. गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरच्या आतला असेल तर टेकू 7 दिवस, त्यापुढे 14 दिवस ठेवायचे असतात, बीमला त्याहून जास्त. पावसाळ्यात मी त्याच्यावर आणखी दोन-चार दिवस धरतो. म्हणून भाडं दिवसावर नाही, स्लॅबवर लावायचं, असं आम्ही ठरवलं. भाड्याच्या भीतीने कोणी जॅक काढू नये एवढाच हेतू. बाजारात सगळे दिवसाने घेतात. त्यांच्या प्लेटा लवकर फिरतात, आमच्या उशिरा. हे नुकसान आम्ही जाणूनबुजून सोसतो.

यार्डात सहा माणसं कायम आहेत. रायचूर, यादगीरकडची दोन कुटुंबं इथेच खोल्या करून राहतात. आलेली प्लेट पालथी घालून पत्र्याच्या तुकड्याने सुकलेलं काँक्रीट खरवडायचं, कडेच्या अँगलमध्ये बसलेलं छिन्नीने काढायचं आणि जळक्या ऑईलचा हात फिरवून उभी लावायची. हे नीट झालं नाही तर पुढच्या घराच्या स्लॅबला पापुद्रे येतात. त्यांच्याशी कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, टेम्पोवाल्याशी हिंदी, असा आमचा दिवस जातो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ते गावी गेले आणि आमचा निम्मा माल अर्धवट घरांखाली अडकून गंजला. परत आले ते सगळेच, याचं समाधान मोठं.

सध्या नवीन घरांपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याची कामं जास्त येतायत. शिवारात गुंठा परवडेनासा झाला, म्हणून लोक वर चढतायत. अरुंद बोळात क्रेन जात नाही, प्लेटा हातोहात वर द्याव्या लागतात, त्यामुळे माल चढवायला गडी जास्त लागतात. मोठ्या अपार्टमेंटवाल्यांनी ॲल्युमिनियमचं फॉर्मवर्क, म्हणजे तयार साचे, आणलंय, ते काम आमच्या आवाक्यातलं नाही आणि मला त्यात जायचंही नाही. मुलगा सिव्हिल डिप्लोमा करून धंद्यात आला. त्याला सांबरा रोडला दुसरं यार्ड टाकायचंय, विमानतळामुळे तिकडे वाढ होणार म्हणतो. मी म्हणतो, आधी जुन्या गावठाणातली वाटण्यांची कामं सांभाळ, ती संपायची नाहीत. तूर्तास सांबऱ्याला भाड्याची जागा घेतलीय, पन्नास जॅक आणि तीनशे प्लेटा तिकडे टाकल्यात, आणि या सीझनला त्यातल्या किती बाहेर जातात ते बघतोय.