पाकिटातला पॅटर्न आणि १८१० ची पाठ

सप्टेंबरात इंग्लंडातल्या बाथ शहरात रीजन्सी, म्हणजे १८१० च्या आसपासच्या पोशाखातल्या लोकांची मिरवणूक निघते. तिच्यासाठी यंदा मी दुकानात पाकिटात मिळणाऱ्या छापील पॅटर्नवरून, म्हणजे कापड कापायच्या कागदी बेतावरून, गाऊन शिवतेय. तुम्हीही खुशाल छापील पॅटर्न घ्या. मात्र पाकिटावरच्या नंबरावर विसंबू नका आणि पाठ नव्याने बेता.

माझी छाती ३६ इंच. तक्त्यात त्याला १४ नंबर. मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवून घातला, तर छातीवर झोळ आणि गळा खांद्यावरून घसरतोय. मग तो पातळ कागद उजेडात धरला. पुढच्या भागावर, छातीच्या जागी वर्तुळात फुली असते आणि तिथे बारीक अक्षरात शिवून झालेल्या कपड्याचं माप असतं. साडेएकोणचाळीस! साडेतीन इंच ढिलाई रोजच्या ड्रेसला ठीक आहे. रीजन्सी गाऊनचा वरचा भाग मात्र स्टेजवर, म्हणजे दोरीने आवळायच्या आतल्या चोळीवर, चापून बसायला हवा. स्टेज घालून पुन्हा मापं घेतली आणि सरळ १० नंबर कापला.

आता पाठ, कारण कपड्याचा काळ पाठीवरूनच कळतो. माझ्या पॅटर्नमध्ये खांद्याची शिलाई माथ्यावर होती, मागे चेन होती आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, ऐसपैस. त्या काळी ही शिलाई मागे, पाठीवर उतरलेली असे. पाठीचा मधला तुकडा अरुंद, खाली निमुळता होत गेलेला, आणि त्याच्या दोन्ही कडांच्या शिलाया मुंढ्यापासून वळसा घेत खाली येत. मी मागच्या तुकड्याच्या खांद्यावरून सव्वा इंचाची पट्टी कापली आणि तीच पुढच्या तुकड्याला चिकटवली. चेन काढून गळ्याला आणि कमरेला दोरी ओवली.

मुंढा लहान केला, काखेत वर घेतला. त्यात हात अडकेल असं वाटतं, पण होतं उलटंच. हात वर केला की बाही तेवढी उचलली जाते, अख्खा गाऊन ओढला जात नाही. आई ब्लाऊज बेतताना हेच सांगायची, "मुंढा खोल घेऊ नकोस गं, कापलेलं परत येत नाही."

पोशाखांच्या इतिहासाच्या अभ्यासक जॅनेट अर्नोल्ड यांनी संग्रहालयांतले मूळ कपडे मोजून त्यांचे बेत चौकटीच्या कागदावर काढून ठेवलेत. मग सरळ त्यावरूनच का शिवू नये? कारण तो एकेक बेत कुठल्यातरी एकाच बाईच्या अंगाचा. तो आपल्या मापाला आणणं फार किचकट. एबेनेझर बटरिकने १८६३ मध्ये अमेरिकेत वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला काढले, ते नेमकं हेच काम सोपं करायला. म्हणून माप पाकिटाचं आणि पाठ अर्नोल्डबाईंची, असं मी जमवलं.

कापड पांढरी मलमल, पुण्याहून आणलेली. त्या काळी इंग्लंडात बंगालची मलमल यायची, त्यामुळे इथे दुसरं काही घ्यावंसं वाटलं नाही. आतल्या शिलाया मशीनवर मारल्या. दिसणाऱ्या मात्र हाताने, कारण १८१० मध्ये घरोघरी मशीन नव्हतं आणि मलमलीवर मशीनची टीप लगेच उठून दिसते. बाजूच्या शिलायांत इंचभर माया, म्हणजे जादा कापड, ठेवलीय. खालचा अडीच मीटर घेर अजून दुमडायचाय.