रोहूला इंजेक्शन देतात म्हणे!

पावसाळा लागला की कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोच, की तळ्यातल्या माशांना हार्मोनचं इंजेक्शन देतात, खाऊ नका. देतात हे खरंय हो. पण तुमच्या ताटातल्या रोहूला नाही, त्याच्या आईबापाला, तेही अंडी सोडायच्या वेळेपुरतं.

भानगड अशी की रोहू, कटला, मृगळ तळ्यात मस्त वाढतात, मादीच्या पोटात अंडीपण भरतात, पण साचलेल्या पाण्यात ती सोडत नाहीत, त्यांना नदीच्या पुराचं पाणी लागतं. म्हणून पूर्वी बीज, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं, नदीतूनच गोळा करायचे आणि त्यात रोहू किती न् शिकारी मासे किती हे ते मोठे झाल्यावरच कळायचं. मग 1957 च्या जुलैत ओडिशात अंगुलला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी माशाच्याच मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी वाटून टोचली आणि मासे तळ्यात व्याले. 10 जुलैला मत्स्य शेतकरी दिन असतो तो त्यामुळेच.

आता ग्रंथी वाटत बसायची गरज नाही, ओव्हाप्रिमसारखी तयार बाटली मिळते. त्यात दोन गोष्टी, एक माशाच्या पिट्युटरीला 'चल, कामाला लाग' म्हणणारी आणि दुसरी डोम्पेरिडोन, हो तीच उलटीवरची, ती पिट्युटरीला अडवून धरणाऱ्या डोपामिनचा ब्रेक काढते.

संध्याकाळी जाळ्यात मासे घेतात. नराच्या छातीच्या पराला बोट लावलं की खरखरीत लागतं आणि पोट जरा दाबलं तर दुधासारखं पांढरं येतं, मादीचं पोट मऊ आणि फुगलेलं. तिला ओल्या फडक्यात धरून शेपटीच्या अलीकडे, खवल्याखालून सुई तिरकी घालायची, किलोला साधारण अर्धा मिली, नराला त्याहून कमी. मग वाहत्या पाण्याच्या गोल टाकीत सोडून द्यायचं. पहाटेच्या सुमाराला टाकीत धडपड, पाणी उडतंय, आणि थोड्या वेळानं भिजलेल्या साबुदाण्यासारखी अंडी गरगर फिरायला लागतात. 28 अंशाच्या आसपास पाणी असेल तर 14 ते 18 तासांत पिल्लं बाहेर.

पण अंडी पिकलेलीच नसतील तर इंजेक्शन काय करणार? काही जण पहिलं बीज आपलंच विकलं जावं म्हणून घाई करतात, डोस वाढवतात आणि मादी हकनाक मारतात.

मला विचाराल तर काळजी करायची गोष्ट वेगळीच आहे. काही हॅचरीवाले, म्हणजे बीज तयार करून विकणारे, वर्षानुवर्षं घरचेच मोजके नर-मादी वापरतात, म्हणजे भावंडांचीच लग्नं लावल्यासारखं, वर एकाच टाकीत रोहू-कटला एकत्र सोडून संकर करून ठेवतात. असं बीज नीट वाढत नाही आणि शेतकरी मात्र खाद्याला नाहीतर पाण्याला दोष देत बसतो. याचा मेसेज कुणी फॉरवर्ड करत नाही! तिकडे भुवनेश्वरच्या सिफा या गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाच्या केंद्रीय संशोधन संस्थेनं निवड करत करत जयंती रोहू तयार केली, ती चांगलीच जोमानं वाढते. तेव्हा मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतंच निघालेलं बीज, घेताना भाव विचाराल तसं नर-मादी कुठून आणले, शेवटचे कधी बदलले हेपण विचारा, आणि तो उत्तर द्यायला टाळाटाळ करायला लागला तर सरळ दुसरी हॅचरी बघा.