अंजनेरीच्या पायथ्याशी स्काऊट पथकाचा मुक्काम : जाण्याआधीचे पंधरा दिवस

डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारी आमच्या शाळेचं स्काऊट-गाईड पथक अंजनेरी गडाच्या पायथ्याशी मुक्कामी जाऊन आलं. नाशिकहून त्र्यंबक रस्त्याने साधारण २० किलोमीटर अंतर. चार संघ, प्रत्येकात आठ मुलं, दोन स्काऊटर (पथकाचे शिक्षक) आणि गाईड मुलींसोबत दोन शिक्षिका. पुढच्या महिन्यांत जी पथकं निघणार आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. यात गडाइतकंच, किंबहुना जास्त, आधीच्या पंधरा दिवसांबद्दल आहे. तयारी मोठ्यांनीच उरकली की शिबिराची सहल होते, हे माझं ठाम मत आहे.

आधी जागा. तंबू गडावर ठोकायचे नाहीत. अंजनेरी २०१७ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथल्या पठारावर जगात इतरत्र न सापडणारं कंदीलपुष्प उगवतं आणि कड्यांवर गिधाडं घरटी करतात. त्यामुळे मुक्काम पायथ्याच्या गावाजवळ, एखाद्या शेतकऱ्याच्या मोकळ्या माळावर करावा आणि गड दिवसा चढावा. जागा बघायला आठवडाभर आधी संघनायकांना सोबत न्या. पाणी कुठे, जमिनीचा उतार कुठे, जवळ वाळलेलं झाड किंवा ओढ्याचं कोरडं पात्र आहे का, हे त्यांना शोधू द्या. आमच्या संघनायकांनी पंपाजवळची सपाट जागा नाकारली, कारण तिथली माती ओली होती. मला फार बरं वाटलं.

कागदपत्रांत शाळेची लेखी परवानगी, पालकांचं संमतीपत्र आणि प्रत्येक मुलाची औषधं-ॲलर्जीची नोंद एवढं हवंच. दमा असलेल्या मुलाचा पंप स्काऊटरच्या खिशात ठेवावा, पिशवीच्या तळाशी नको. गाडीसाठी एसटीची प्रासंगिक करारावरची, म्हणजे पूर्ण भाड्याने घ्यायची बस बघा, शालेय सहलींना ५० टक्के सवलत मिळते. आगारात अर्ज लवकर द्या, डिसेंबर-जानेवारीत सगळ्याच शाळा निघालेल्या असतात.

आता पिशवी. मुलाची पिशवी मुलानेच भरायची, यावर आम्ही अडून बसतो. आईने भरलेल्या पिशवीत सगळं असतं, पण अंधारात मुलाला त्यातलं काहीच सापडत नाही. शुक्रवारी शाळा सुटल्यावर मैदानात सतरंज्या अंथरून प्रत्येकाने आपलं सामान मांडलं, संघनायकाने तपासलं आणि मग ज्याने त्याने ते परत भरलं. टॉर्च, कानटोपी आणि शिट्टी वरच्या कप्प्यात. कपड्यांचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, कारण पहाटे दव इतकं पडतं की तंबू आतूनही ओला होतो. ताट-वाटी-पेला स्टीलचा. मोबाईल नाही.

थंडीबद्दल शहरातल्या पालकांचा अंदाज हमखास चुकतो. जॅकेट जाड देतात आणि खाली अंथरायला एक पातळ चादर. थंडी जमिनीतून येते. खाली ताडपत्री, त्यावर सतरंजी, मग घोंगडी आणि वर पांघरूण, असा क्रम हवा. त्र्यंबकच्या पट्ट्यात भात निघालेला असतो, त्यामुळे गावात विचारलं तर पेंढा मिळतो. तो दुपारभर उन्हात झटकून पसरावा, म्हणजे विंचू-किडे निघून जातात. मग तंबूत ताडपत्रीखाली त्याची जाड गादी करावी. मुलं उबदार झोपतात. मात्र पेंढा आणि शेकोटी यांत भरपूर अंतर ठेवा.

स्वयंपाक संघावर सोपवा. संघसभेत मुलांनी स्वतः बेत ठरवला, हिशेब मांडला आणि नाशिकच्या रविवार कारंजा बाजारातून किराणा आणला. आमचं माप सांगते: खिचडीला माणशी तांदूळ-डाळ मिळून सव्वाशे ग्रॅम, पोहे माणशी ८० ग्रॅम. हिवाळ्यात आणि चढ चढून आल्यावर एवढं लागतंच. एकदा तरी घरी, आईच्या देखरेखीखाली, हीच खिचडी करून बघायला सांगा. जंगलातलं लाकूड तोडायचं नाही. सरपण गावातून विकत घ्या किंवा गॅस न्या. चुलीभोवती चांगली ऐसपैस जागा गवत उपटून साफ करा आणि पाण्याची बादली शेजारी ठेवा. डिसेंबरातच गवत वाळायला लागलेलं असतं, एका ठिणगीने वणवा लागतो. पिण्याचं पाणी उकळूनच.

गाठी मात्र शाळेतच पक्क्या झाल्या पाहिजेत. क्लोव्ह हिच, म्हणजे काठीला दोरी बांधायची गाठ, अंधारात, हातमोजे घालून बांधता आली तरच ती आली म्हणायची. आमच्या मुलांनी काठ्या आणि सुतळीची गॅझेट्स केली: ताटांचं स्टँड, बुटांची मांडणी. बूट जमिनीवर न ठेवता मांडणीवर ठेवायचे आणि सकाळी झटकून घालायचे, हा नियम विंचवासाठी आहे, हे मुलांना कारणासकट सांगा. मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. म्हणून तंबूची चेन कायम बंद, आणि रात्री लघवीला जायचं तर जोडीदार, टॉर्च आणि मोठं माणूस सोबत. साप चावलाच तर ब्लेड नाही, करकचून दोरी नाही, मांत्रिक नाही. मुलाला हलू न देता १०८ ला फोन आणि थेट रुग्णालय. सर्पदंशावरचं प्रतिविष सगळ्यात जवळ कुठे मिळेल, हे निघण्याआधीच फोन करून विचारून ठेवा. उष्टं-खरकटं उघड्यावर टाकू नका. त्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

रविवारी सहाला उठून बीपी सिक्स (बेडन-पॉवेल यांचे सहा व्यायाम), ध्वजारोहण, तंबू निरीक्षण आणि मग गड. मुलांना घेऊन वर अंजनीमातेच्या मंदिरापर्यंत दोन-अडीच तास धरा. वाटेत कातळातल्या पायऱ्या आणि जैन लेणी आहेत, तिथे थांबून शांतपणे बघू द्या. माकडं हातातली पिशवी ओढतात, खाऊ पाठीवरच्या सॅकमध्येच राहू द्या. कड्याला आग्यामोहोळ असू शकतं. त्यामुळे आरडाओरडा, धूर आणि अंगावर अत्तर, तिन्ही बंद. पठारावर वारा फार लागतो, घामेजलेल्या मुलांना कानटोप्या घालायला लावा. पायवाट सोडून गवतात शिरू देऊ नका. कंदीलपुष्पाचे कंद जमिनीखाली असतात, फूल दिसत नसलं तरी ते तिथेच आहेत.

उतरायला सुरुवात अकराच्या आत करा, म्हणजे जेवण, भांडी आणि आवराआवर घाई न होता होते. निघताना मुलं ओळीने हातात हात घालून माळभर फिरली आणि प्लॅस्टिकचा कपटाही उचलला. चुलीची राख पाणी ओतून, हाताला गार लागेपर्यंत कालवली. शेतकरी काका आणि मावशींचे आभार मुलांनीच मानले.

दवाने भिजलेले तंबू तसेच घडी करून ठेवले तर बुरशी धरतात. सोमवारी ते शाळेच्या गच्चीवर वाळवा, मेखा मोजा, तुटलेल्या दोऱ्या बदला आणि काय कमी पडलं ते संघनायकाकडून वहीत लिहून घ्या. आमच्या वहीत या वेळी आलं आहे: एक मोठं पातेलं, जादा मेखा आणि दुसरी ताडपत्री.