आधी कांदा, मग कराटे

‘रिदम हेवन’ ही निन्टेन्डोची तालावर बटणं दाबायच्या व्हिडिओ गेम्सची मालिका. तिच्यातल्या मिनीगेम्सचे, म्हणजे छोट्या छोट्या खेळांचे, नंबर लावायचे म्हटलं की बहुतेकांचा पहिला मान ‘कराटे मॅन’ला. माणूस जुना आहे, कबूल. 2006 साली गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातात धरायच्या यंत्रावर फक्त जपानात मालिकेचा पहिला भाग ‘रिदम तेंगोकू’ आला, तेव्हापासून तो ठोसे मारतोय. कुंडी आली, ठोसा. बल्ब आला, ठोसा. पण पहिला नंबर? माझ्याकडे तो चौथा.

माझा पहिला नंबर कांद्याचा. ‘रिदम ट्वीझर्स’. नाक-डोळे असलेला कांदा, आणि त्याच्या चेहऱ्यावर तालात केस उगवतात. पट, पट, पट-पट. मग चिमटा येतो आणि ज्या अंतराने ते उगवले त्याच अंतराने आपण उपटायचे. मधेच एखादा लांब, कुरळा निघतो. तो बटण दाबून धरून ओढायचा. चुकला तो तसाच राहतो. सतारीने तुकडा टाकावा आणि तबल्याने तो जसाच्या तसा परत करावा, तसला हा सवाल-जवाब. फक्त समोर कांदा.

दुसरा ‘लॉकस्टेप’, डीएस या दोन पडद्यांच्या हातातल्या यंत्रावर 2008 मध्ये आलेल्या भागातला. सगळी रांग ठेक्यावर पावलं टाकतेय आणि इशारा झाला की पाऊल दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत सरकवायचं. आणि तिथेच टिकायचं! शाळेत लेझीम खेळताना मी कायम याच मधल्या जागेत असायचो. सरांनी मागच्या रांगेत पाठवलं. इथे त्याच गोष्टीचं पदक मिळतं. त्यात कॅमेरा मागे मागे जातो, रांगांवर रांगा दिसायला लागतात आणि यातला आपण कोण तेच कळेनासं होतं.

‘‘मामा, तू बघून दाबतोस. ऐकून दाब ना!’’ भाची म्हणाली. डीएस पुस्तकासारखा उघडून धरला होता. तिने चित्राचा पडदा तळहाताने झाकला. तेव्हा कुठे मला ‘सुपर्ब’ हा शेरा पहिल्यांदा मिळाला.

तिसरा ‘रिंगसाइड’, टीव्हीला जोडायच्या वी या यंत्रावरच्या भागातला. बाई माइक पुढे करून पैलवानाला काहीबाही विचारतात, तो बिचारा तालात मान डोलावतो. ताल सोपा, पण हसण्यात चुकतो. शिवाय वीवर दोन बटणांत काम भागतं. डीएसवर तो स्टायलस, म्हणजे पडद्यावर टेकवायची काडी, झटकण्याचा प्रकार होता, झटका लागला की नाही हे यंत्राच्या मर्जीवर. त्यापायी कितीतरी चांगले गेम माझ्या यादीतून घसरले.

कांदा मालिकेच्या 2015 च्या ‘मेगामिक्स’ या भागात परत भेटला. एकही चूक न करता ‘पर्फेक्ट’ मिळवायला तीनच संधी. परवा तिसऱ्या संधीला सगळं जमत आलं आणि अगदी शेवटी एकच कुरळा केस राहिला.

‘‘राहू दे रे मामा,’’ भाची म्हणाली, ‘‘शोभतोय त्याला.’’