एवढा हायड्रोजन धातूत बसतो कुठे?

आमच्या प्रयोगशाळेत पाहुणे आले की टेबलावरची वीतभर नळी उचलतात, तिच्या वजनाने दचकतात आणि ठरलेलं विचारतात: "यात दीडशे लिटर हायड्रोजन? बसतो कुठे? आणि फुटली म्हणजे?"

नळीत किलोभर राखाडी भुकटी आहे, एका लँथेनमच्या अणूमागे पाच निकेलचे, असा मिश्रधातू. हायड्रोजनचा रेणू तिला टेकला की पृष्ठभागावरचं निकेल त्याचे दोन अणू सुटे करतं. ते आत शिरतात आणि धातूच्या अणूंमधल्या फटींत बसतात. याला सगळे स्पंज म्हणतात, मला ते पटत नाही. स्पंजमधलं पाणी पाणीच असतं. इथे हायड्रोजन वायू उरतच नाही, धातूशी बंध जुळून हायड्राइड हा वेगळाच पदार्थ तयार होतो. त्यात हायड्रोजनचे अणू द्रवरूप हायड्रोजनपेक्षाही दाटीने बसलेले असतात.

दाटी झाली की धातू फुगतो, जवळजवळ पंचवीस टक्के. सुरुवातीचे चकचकीत खडे तडकून, हायड्रोजन भरण्या-काढण्याच्या दोन-चार फेऱ्यांत त्यांचं पीठ होतं. हे वाचून माहीत असूनही माझी पहिली नळी मी काठोकाठ भरली होती. बुडाशी पोट सुटलं तिला. अजून ठेवलीय, नव्या मुलांना दाखवायला.

आता फुटण्याचं. बंध जुळताना उष्णता बाहेर पडते. किलोभर धातू भरताना इतकी, की लिटरभर पाणी पन्नास अंशांनी तापेल. म्हणून नळी पाण्याच्या बादलीत ठेवूनच भरतो. काढताना तेवढीच उष्णता परत द्यावी लागते. झडप उघडली की नळी गार पडते, पावसाळ्यात तिच्यावर दव धरतं आणि वायूचा जोर आपोआप ओसरतो. खोलीच्या तापमानाला आतला दाब साधारण शिट्टीच्या बेतात आलेल्या कुकरइतका. बाहेर आलेला हायड्रोजन मात्र पेटतोच, तिथे गंमत नाही.

पॅलेडियम हायड्रोजन पितं हे थॉमस ग्रॅहमने 1866 मध्येच दाखवलं होतं. पण खरी मेख पकडीत आहे. मॅग्नेशियम वजनाच्या 7.6 टक्के हायड्रोजन धरतं, पण सोडायला 300 अंशांच्या आसपास तापवावं लागतं. आमचा मिश्रधातू हातच्या उबेवर सोडतो, पण धरतो जेमतेम 1.4 टक्के.

त्यामुळे पुढचा प्रश्न, "मग गाडीत का नाही?" पाच किलो हायड्रोजनसाठी साडेतीनशे किलो धातू वाहावा लागेल, म्हणून. जर्मनीच्या 212 वर्गातल्या पाणबुड्यांत मात्र हायड्राइडच्याच टाक्या आहेत. पाणबुडीला बुडायला वजन हवंच असतं.